ठासणीच्या बंदुकीत काय भरायचं?

आज खत-औषधाचं काही नाही, राखणीचं लिहितोय. थोडं लांबणार आहे, सवडीने वाचा.

दिवाळीनंतर डोंबिवलीचा भाचा चार दिवस घरी आला होता. मोबाइलवर अमेरिकेतले हरणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघतो. तिकडे अजूनही ठासणीच्या बंदुकीने हरीण मारायचा वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात तर 1974 पासून चकमकीच्या बंदुकीचा हंगाम आहे, म्हणजे केपसुद्धा नाही, गारेची ठिणगी पाडून बार काढायचा. तिथले लोक तासन् तास वाद घालतात की गोल गोळी बरी की लांबट, दारू जाड की बारीक. ते बघून भाच्याने विचारलं, "मामा, आपल्या बंदुकीत हरणासाठी कुठली गोळी घालायची? आणि दारू किती?"

हरणासाठी काहीच घालायचं नाही, हे उत्तर एका वाक्यात झालं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या मुरबाड-शहापूरकडे कितीतरी घरांत वडिलांच्या, आजोबांच्या नावाची शेतसंरक्षणाची बंदूक आता मुलाच्या नावावर आली आहे. परवाना आला, पण बंदूक भरायची कशी हे बापाने शिकवायचं राहून गेलं. अशा मुलांसाठी हे लिहितोय.

आधी एक कागदाची गोष्ट, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. आपल्याला ठासणीचीच बंदूक का मिळते? 1959 च्या शस्त्र अधिनियमात कलम 13 मध्ये ते लिहिलेलं आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. आणि ठासणीच्या बंदुकीने काम भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे सरकारने जाणूनबुजून आपल्या हातात एका वेळी एकच बार दिलाय. एक बार काढला की पुन्हा दारू, बोळा, गोळी, बोळा, केप. अंधारात एवढं करेपर्यंत डुकरं दुसऱ्या शिवारात पोचतात. मला विचाराल तर ते बरंच आहे. एकच बार असला की माणूस विचार करून काढतो.

पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, 2019 च्या दुरुस्तीने पाच वर्षांचा झाला. आमच्याकडे ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी कार्यालयातून होतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर शहराकडचा भाग पोलीस आयुक्तालयात येतो, तिथल्यांनी आयुक्तांकडे जायचं. शहरं वाढत आपल्या बांधाला येऊन टेकलीत, तेव्हा आपलं गाव कुठल्या हद्दीत आहे ते आधी विचारून घ्या. नाहीतर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरण्यात महिना जातो.

आता बंदुकीकडे येतो.

व्हिडिओतल्या बंदुकीत आणि आपल्या बंदुकीत पहिला फरक नळीचा. त्यांच्या बहुतेक नळ्यांना आतून आटे असतात. गोळी फिरत बाहेर पडते आणि लांब सरळ जाते. लांबट गोळीला आटे जवळजवळ पाडावे लागतात, गोल गोळीला लांब लांब चालतात. म्हणून त्यांचा गोळीवरून एवढा वाद. आपली नळी आतून गुळगुळीत, पाण्याच्या पाइपासारखी. तिच्यात लांबट गोळी घातली तर ती हवेत कोलांट्या खाते. म्हणजे आपल्यापुरता अर्धा वाद इथेच मिटला. एकतर गोल गोळी, नाहीतर छर्रा.

बोर हा शब्द आपण सारखा वापरतो, त्याचा अर्थही सांगून ठेवतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोर. सोळा गोळ्या केल्या तर सोळा बोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोरची पूर्ण मापाची गोळी साधारण 38 ग्रॅम, सोळा बोरची 28 ग्रॅम. व्हिडिओतली अर्ध्या इंची नळीची गोल गोळी 11-12 ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे आपली जुनी बंदूक दिसायला गरीब असली तरी गोळीच्या वजनात तिकडच्या बंदुकीच्या दुप्पट-तिप्पट आहे. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. मी म्हटलं, खूश होऊ नको, भिऊन राहा.

दारू. (दारू म्हटलं की पोरं हसतात. ही प्यायची नाही, ठासायची.) ठासणीच्या बंदुकीला फक्त काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक यांची. काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी, तिचा नळीत दाब फार येतो. जुनं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घातली तर बार पुढे न जाता नळी फाटते, आणि नळी जिथे फाटते तिथे आपला डावा हात असतो. हे गमतीने लिहीत नाही. दारू परवानाधारक दुकानातूनच घ्या, परवान्यावर नोंद करून. घरी कुटलेली, फटाके फोडून काढलेली दारू घेऊ नका. ती गुन्हा तर आहेच, शिवाय तिचा जोर आज एक आणि उद्या दुसरा.

दाणा जाड असेल तर दारू सावकाश जळते, बारीक असेल तर झटकन. आपल्या जाड नळीला जाड दाणा बरा. बारीक दाणा पिस्तुलासाठी आणि लहान नळीसाठी. किती घालायची, तर बंदूक ज्याने बनवली त्याने सांगितलेल्या मापापेक्षा कधीच जास्त नाही. जुने लोक छर्ऱ्यासाठी सोपं गणित करायचे, जेवढं माप दारूचं तेवढंच माप छर्ऱ्याचं, वजनाने नाही तर मापाने. ते गणित मापाच्या आत राहूनच, चांगल्या नळीला. शंभर वर्षांच्या नळीला जाणत्या कारागिराकडे आतून तपासून घेतल्याशिवाय कसलंच गणित लावू नका. माझ्या वडिलांकडे पितळेचं छोटं माप होतं, अजून तेच वापरतो. शिंगाडं थेट नळीच्या तोंडाला लावून दारू ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी नळीत राहिली असेल, तर सगळं शिंगाडं हातात पेटतं. आधी मापात, मग नळीत.

काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाची काजळी आणि राख मागे उरते. ही राख हवेतलं पाणी ओढते. आपलं ठाण्याकडचं हवामान तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये दारातलं मीठ वितळतं, तिथे नळी काय टिकणार? बार काढला त्याच रात्री गरम पाण्याने धुवायची, गजाला चिंधी लावून सुकवायची, मग तेलाचा हात. सकाळी बघू म्हणालात तर सकाळी तांबेरा दिसेल. भरून ठेवलेला बारही सादळतो. भात चिकात येतं ते सप्टेंबरात, आणि डुकरं तेव्हाच येतात. तेव्हा पाऊस, दव, धुकं सगळंच असतं. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच खाली घेऊन नळीत डोकावणारा माणूस मी पाहिलाय. कधीकधी बार उशिराने होतो. नळी मोकळ्या बाजूला धरून मिनिटभर थांबा. तेवढ्यात काही बिघडत नाही.

आणखी एक. रिकाम्या नळीत गज घालून, तो तोंडाशी जिथपर्यंत येतो तिथे खूण करून ठेवा. भरलेल्या नळीची दुसरी खूण करा. बंदूक हातात घेतली की आधी गज घालून बघायचं. भरलीय की नाही हे आठवणीवर सोडायचं नाही. एकावर एक दोन बार ठासले गेले तर दोन्ही एकदम सुटतात. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. ते या खुणेवरून कळतं. केप सगळ्यात शेवटी, माळ्यावर चढून बसल्यावर. केप लावलेली बंदूक घेऊन बांध चढायचा नाही.

आता गोळी की छर्रा. इथे सगळे जण जनावर बघून ठरवतात. मी जनावराच्या पाठीमागे काय आहे ते बघून ठरवतो.

छर्ऱ्याचं आधी सांगतो. छर्ऱ्याचा नंबर मोठा तेवढा दाणा बारीक. बारीक छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, तिच्यात छर्रा अडकून राहतो. जनावर जखमी होऊन झाडीत जातं आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईवर येतं. शेतकऱ्याने बारीक छर्ऱ्याने डुक्कर जखमी करणं म्हणजे शेजाऱ्याच्या दारात संकट बांधून येणं. सायकलचे बेअरिंगचे मणी, खिळ्यांचे तुकडे घालणारेही आहेत. लोखंड नळी आतून खरवडतं आणि कुठेही जातं. शिसंच घालायचं, तेही मऊ. जुन्या बॅटरीचं शिसं चुलीवर वितळवू नका, त्याचा धूर अंगाला लागतो.

गोळी डुकराला पुरते, पण गुळगुळीत नळीतून तीस-चाळीस पावलांच्या पुढे ती कुठे जाईल याचा भरवसा नाही. नेम चुकला की ती पुढे जात राहते. खाचरं ओलांडते, बांध ओलांडते. शिसं जड असतं, हजार फुटांवरही माणसाला लागलं तर तो उठत नाही.

वडिलांच्या काळी आमच्या शेताच्या पलीकडे बारवीच्या जंगलापर्यंत काही नव्हतं. ते गोळी घालायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. आज त्याच बाजूला दोन फार्महाऊस आहेत, एक वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर भट्टीवर कातकरी कुटुंबं येतात, पावसाळ्यापर्यंत तिथेच खोपटी घालून राहतात. रात्री बाया-पोरं बाहेरच्या बाजूला शेतात येतात, हातात बॅटरी असेल नसेल. फार्महाऊसचा रखवालदार कुंपणाला धरून फेऱ्या मारतो. शनिवार-रविवारी पाहुणे रात्री एक-दोन वाजता शेकोटी करून बाहेर बसलेले असतात. शेत तेच, बंदूक तीच, माप तेच. पण वडील ज्या दिशेला बार काढायचे त्या दिशेला मला गोळी घालताच येत नाही.

2025 च्या जानेवारीत पालघर तालुक्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. डुकराच्या शिकारीला गावातलेच लोक गेले होते. हालचाल दिसली, डुक्कर समजून बार काढला आणि त्यांच्याच बरोबरचा माणूस गेला. वर प्रेत लपवलं, म्हणून प्रकरण आणखी वाढलं. ती शिकार बेकायदा होती ही एक गोष्ट. पण अंधारात हलणाऱ्या झुडपावर बार काढणं हे परवान्याच्या बंदुकीनेही होऊ शकतं, म्हणून त्याची आठवण काढली.

त्यामुळे माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. दहातल्या नऊ वेळा माझ्या बंदुकीत नुसती दारू आणि वर नारळाच्या काथ्याचा बोळा असतो. गोळी नाही, छर्रा नाही. फुसका बार. आवाज डोंगराला लागून परत येतो, डुकरं त्या रात्री दुसरीकडे जातात. रोज त्याच वेळी त्याच जागेवरून काढला तर आठवड्यात त्यांना सवय होते, म्हणून जागा आणि वेळ बदलायची. कधी माळ्यावरून, कधी ओढ्याच्या अंगाने. फुसका बारही कुणाच्या अंगावर धरायचा नाही, जवळून बोळा आणि जळती दारू लागते. वाळल्या पेंढ्याच्या उडवीकडे तर नाहीच. आणि कार्बाइड गन नावाचा जो प्लास्टिकच्या पाइपाचा प्रकार माकडांसाठी निघालाय, तो घरात आणू नका. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे त्याने कितीतरी पोरांचे डोळे दुखावले.

दहाव्या वेळी गोळी. पण ती कधी? वनखात्याची परवानगी हातात असेल तेव्हा. हे नीट लक्षात घ्या, कारण यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. ते दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या खात्यांचे. रानडुक्करसुद्धा 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं असेल तर कलम 11 खाली लेखी परवानगी लागते, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा जोडून अर्ज द्यायचा. मारल्यावर जनावर सरकारचं. मटण वाटून घेतलं की आपण शेतकरी राहिलो नाही, आरोपी झालो. परवानगी असतानाही मी माळ्यावरून खाली, जमिनीकडे नळी करूनच बार काढतो. माळा दहा-बारा फूट उंच, जनावर वीस-पंचवीस पावलांत, पाठीमागे माझ्याच खाचराचा बांध. गोळी चुकली तर मातीत जाते. एवढं सगळं जुळत नसेल तर त्या रात्री पुन्हा फुसका बार.

आता हरणाचं. आमच्याकडे भेकर आहे, क्वचित पिसोरी दिसते, माळशेजच्या अंगाला सांबर. भात काढल्यावर त्याच ओलीवर आपण वाल टोकतो. वालाला फुलोरा आला की भेकर शेंडे खुडून जातं, भेंडीचे कोवळे शेंडे तर त्याला फारच आवडतात. नुकसान होतं, नाही कशाला म्हणू? पण वीस-पंचवीस किलोचं जनावर, एकटं-दुकटं फिरणारं. डुक्कर एका रात्रीत खाचर लोळवतं तसं ते करत नाही. त्याला मारण्यावर कायद्याने बंदी आहे आणि शिक्षा तुरुंगाची आहे. गोल गोळी, लांबट गोळी, जाड दारू, बारीक दारू, काही असलं तरी उत्तर तेच. शिवाय मला एक हिशेब दिसतो, कृषीवाले वाचत असतील तर सांगावं बरोबर की चूक. आमच्या रानात बिबट्या आहे. त्याला भेकर आणि डुकराची पिल्लं मिळतात तोवर तो जंगलात असतो. ते संपलं की माझ्या गोठ्यातली शेळी आणि अंगणातला कुत्रा.

मागच्या जानेवारीत असाच माळ्यावर बसलो होतो. वालात खसखस झाली. बॅटरी मारली तर डोळे चमकले, गुडघ्याच्या थोडे वर. भेकर. मान वर करून माझ्याकडे बघत राहिलं. त्याच्या बरोबर पाठीमागे, दीडशे पावलांवर, भट्टीवरच्या खोपटातला दिवा. तेव्हा बंदुकीत नुसती दारूच होती, पण तीही काढली नाही. खोपटात तान्हं पोर होतं, ते दिवसा मी पाहिलं होतं. पत्र्याचा डबा वाजवला. भेकर कुत्र्यासारखं भुंकत ओढ्यात उतरलं. दहा-बारा वेलांचे शेंडे गेले होते.

जे जनावर मारता येत नाही त्याने खाल्लेल्याची भरपाई मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. डुक्कर, रानगवा, माकड यांच्याबरोबर हरणाचं नावही सरकारच्या यादीत आहे. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज द्यायचा, मग वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी येऊन पंचनामा करतात. फोटो काढताना पावलांचे ठसे आणि खुडलेले शेंडे एकाच फोटोत घ्या, शेजारी हाताची वीत ठेवा. पंचनाम्याआधी शेत नांगरू नका. पैसे नुकसानाएवढे मिळत नाहीत हे खरं. पण अर्जच झाले नाहीत तर आपल्या गावात जनावराचा त्रास नाही असंच कागदावर राहतं, आणि मग सौर कुंपणाचं अनुदान मागायला गेलं की तेच कागद पुढे येतात.

एक गाऱ्हाणं राहिलं. निवडणूक लागली की आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. 2024 च्या विधानसभेला 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. भात कापणीचे नेमके तेच दिवस. कापलेलं भात शेतात पडलेलं आणि बंदूक कपाटात. डुकरांना आचारसंहिता नाही. परत मिळाली तेव्हा नळीच्या तोंडाला तांबेरा होता. जमा करताना पोच घ्या, नळीत तेलाची चिंधी घालून द्या, आणि नंबर व खुणा लिहून ठेवा. सगळ्यांनाच जमा करायला सांगतात असं नाही, शेतसंरक्षणाच्या परवान्याला सूट मागता येते. कापणीच्या तारखा लिहून आधीच अर्ज करायचा. पुढच्या खेपेला मी करणार आहे.

या वर्षी वालाला ओढ्याच्या बाजूने जुन्या साड्या बांधल्यात, मध्ये बांबू. पहिल्या दोन रात्री भेकर आलं नाही. तिसऱ्या रात्री साडीखालून आलं, तिथे आता खाली काटे लावलेत. खुडलेल्या दोन ओळींचा अर्ज सोमवारी दिलाय. पंचनामा कधी झाला आणि हातात किती आले, ते आले की लिहितो.